‘माझ्यातली आई जागीच होत नाहीये’

ताई,
मी भांडुपला राहते, वय ३१. मुलगी सात महिन्यांची आहे. २६ आठवड्यांची रजा संपली आणि मी नुकतीच कामावर रुजू झाले. मुलीचं दूध, अंघोळ, लसी, रात्रीचं उठणं, सगळं करते. पण आतून जो उमाळा यायला हवा म्हणतात, तो येत नाही. सासूबाईंनी घेतलं की ती चटकन गप्प होते, माझ्याकडे मात्र किरकिरत राहते. मैत्रिणीने दादरला एका कार्यशाळेला नेलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, प्रत्येक बाईत ‘मदर आर्किटाइप’ लाखो वर्षांपासून असतो, बाळ झालं की तो आपोआप जागा होतो. तुझा ‘ब्लॉक’ झालाय, पुढच्या लेव्हलचा कोर्स केलास की उघडेल. सासूबाईही म्हणतात, आईपण कुणी शिकवावं लागत नाही. ताई, हे आर्किटाइप खरंच जन्मजात असतात का? असतील तर माझ्यातच काय कमी आहे? हल्ली अंघोळीला गेले की नळ सोडून रडते.
– एक आई, भांडुप

प्रिय मैत्रिणी,

नळ सोडून रडण्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, तीही सगळ्यात शेवटी. माझ्या लेखी ती पत्रातली पहिली ओळ आहे. त्यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायचं. कुठे आणि कसं ते खाली लिहिते आहे. पण तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळालं नाही तर ‘माझ्यातच खोट आहे’ हे मनात धरूनच तू डॉक्टरांसमोर बसशील.

आर्किटाइपला मराठीत आदिबंध म्हणतात, म्हणजे सगळीकडच्या माणसांच्या स्वप्नांत, कथांत पुन्हा पुन्हा उमटणारा मनातला मूळ साचा. मॅडमनी सांगितलं त्यात माणसाच्या मनाबद्दलचं एक खरं निरीक्षण आहे, पण त्याचा पत्ता चुकलाय. आईचा आदिबंध बाळाच्या मनात घडतो. आपण सगळेच कधी तरी बाळ होतो, म्हणून तो सगळ्यांच्या मनात असतो, पुरुषांच्याही. बाळंतपण झालं की बाईत आपोआप सुरू होणारी ती काही शक्ती नव्हे, आणि तसं ज्याच्या नावावर सांगितलं जातं त्या माणसानेही तसं म्हटलेलं नाही.

तो माणूस म्हणजे कार्ल युंग, स्विस मनोविकारतज्ज्ञ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात काम करत होता. रुग्णांच्या भासांत आणि स्वप्नांत त्याला अशी चित्रं सापडत गेली, जी दूरदूरच्या पुराणकथांतही होती. तिथल्या एका रुग्णाला सूर्याला लिंग असलेलं दिसे आणि ते हलतं म्हणून वारा सुटतो, असं तो सांगे. पुढे युंगला मिथ्र देवाच्या एका प्राचीन उपासनाविधीत सूर्यबिंबातून लोंबणाऱ्या, वारा सोडणाऱ्या नळीचं वर्णन मिळालं. अशा प्रतिमा कुणाकडून शिकाव्या लागत नाहीत, याचा पुरावा म्हणून या मेळावर त्याने बराच भार टाकला. मात्र तो विधी १९०३ सालीच जर्मनमध्ये छापून आला होता, तेव्हा रुग्णाच्या कानांवर तो कुठून तरी गेलाच नसेल असं छातीठोक सांगता येत नाही, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. मला तो रास्त वाटतो. एवढं मात्र खरं की तयार चित्रं वारशाने मिळतात असा युंगचाही दावा नव्हता. १९१९पासून तो आर्किटाइप हा शब्द वापरू लागला, आणि वारशाने येतो तो रिकामा साचा, हे पुढे आयुष्यभर सांगत राहिला. द्रावणात स्फटिकाचा आकार आधी कुठे दिसत नाही, पण स्फटिक जमू लागला की ठरावीक कोनांतच जमतो, हे त्याचंच उदाहरण. साच्यात काय भरायचं ते ज्याचं त्याचं घर, गाव, काळ ठरवतो.

हा युंग १९३७च्या डिसेंबरात बोटीने आपल्या मुंबईला उतरला होता. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचं त्याला निमंत्रण होतं. ते १९३८च्या जानेवारीत कलकत्त्याला भरलं. परतल्यावर त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या अस्कोना गावी त्याने आईच्या आदिबंधावर व्याख्यान दिलं. त्यात आपली काली आहे, सांख्यांची प्रकृती आहे, तिचे सत्त्व, रज, तम हे गुण आहेत. माणसाच्या मनातली आई नुसती गोड कधीच नसते, ती जोजवते आणि तीच गिळतेही, असं तो तिथे मांडतो. पुढे तो असंही म्हणतो की आईचा म्हणून मुलांवर जो प्रभाव आपण सांगतो, तो बराचसा त्या प्रत्यक्ष बाईचा नसून मुलाने तिच्यावर चढवलेल्या प्रतिमेचा असतो. आणि एवढ्या प्रचंड अर्थाचं, जबाबदारीचं ओझं एका चुकणाऱ्या, थकणाऱ्या माणसाच्या खांद्यावर टाकणं न्यायाचं नाही. आदिबंधाची कल्पना मांडणाराच आईला त्या ओझ्यातून मोकळं करत होता. त्याचंच नाव घेऊन ते ओझं पुन्हा तुझ्या डोक्यावर ठेवलं गेलं, याचा मला खरोखर संताप येतो.

आता बाळ जन्माला येताना काय घेऊन येतं, ते बघू. अमेरिकेत १९७५ साली एक साधा प्रयोग झाला. जन्मून काही मिनिटंच झालेल्या बाळांसमोर माणसाच्या चेहऱ्याचं साधं रेखाचित्र धरलं आणि हळूहळू बाजूला सरकवलं. तेच डोळे, तेच नाक, पण जागा विस्कटलेलं दुसरं चित्रही धरलं. नीट चेहऱ्यामागे बाळांची मान अधिक वळली. ज्यांनी जगात अजून काही पाहिलंच नव्हतं, ती चेहरा शोधत होती. १९८०च्या एका प्रयोगात तीन दिवसांच्या आतली बाळं चोखण्याची लय बदलून आईचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकू मागत होती, कारण तो त्यांनी पोटात असल्यापासून ऐकलेला. तुझी मुलगी तुझ्याकडे किरकिरत असेल, पण तुझा आवाज तिच्या फार जुन्या ओळखीचा आहे.

म्हणजे जन्मजात असतो तो शोध आणि शिकायची तयारी. हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते माकडांत. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. सापाला बघून दचकणाऱ्या दुसऱ्या माकडाची चित्रफीत दाखवली, तशी तीही सापाला घाबरायला शिकली. मग चित्रफितीत हातचलाखी करून सापाच्या जागी फूल ठेवलं. माकड तसंच दचकताना दिसत होतं, तरी फुलाची भीती कुणी घेतली नाही. काय पटकन शिकायचं, याचा कल उपजत होता. खुद्द भीती मात्र दुसऱ्याकडून आली.

माझं मत विचारशील तर आदिबंध कुठून येतात याला एवढं पुरेसं आहे. मेंदूला काही गोष्टींकडे उपजत ओढ असते. माणसाचा जन्म सगळीकडे सारखाच असहाय असतो, कुणी तरी उचलल्याशिवाय तो जगत नाही. आणि कथा तोंडोतोंडी जाताना मनाला भिडेल तेवढीच उरते, बाकी गळून जाते. नदीत सोडलेल्या बाळाचीच गोष्ट घे. आपला कर्ण पेटीतून वाहत जातो, प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉन बोरूच्या टोपलीतून, बायबलातला मोझेसही तसाच. ऑटो रांक या मनोविश्लेषकाने १९०९ साली या कथा शेजारी शेजारी मांडून दाखवल्या. एकीकडून दुसरीकडे गेल्या की आपापल्या जागी उगवल्या, यावर विद्वानांचा वाद जुना आहे. मला वाटतं दोन्ही घडलं असेल. नद्या सगळीकडे होत्या, आणि नको त्या वेळी जन्मलेली बाळंही सगळीकडे होती.

आता आपल्याकडे ये, कारण आईची जी मूर्ती तुझ्यासमोर धरली जाते, ती आपल्या परंपरेतली अर्धीच आहे.

तुमच्या घरी मुलीची पाचवी पुजली असेल. पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, दिवा लावतात आणि शेजारी कोरा कागद नि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. तो दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून घरातल्या बायका आळीपाळीने जागतात. बाळ झोपेत हसलं की ‘सटवाई हसवतेय’ म्हणतात. आणि हीच सटवाई कोपली तर बाळ नेते, म्हणून तिचा धाकही असतो. पूर्वी अस्वच्छ पात्याने नाळ कापली जायची, धनुर्वात व्हायचा, आणि तो नेमका पहिल्या एकदोन आठवड्यांत बाळांना न्यायचा. पाचव्या-सहाव्या रात्रीच्या त्या धास्तीला असं कारण होतं, असा माझा अंदाज आहे. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन आपल्या देशात झाल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडलं. इतकी शतकं जी भीती घरोघरी होती, तिला बायकांनी आईचंच रूप दिलं.

सटवाई एकटी नाही. महाभारताच्या वनपर्वातल्या स्कंदाच्या कथेत मातृका येतात, त्या सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना पीडतात आणि पूजा मिळाली की राखतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारिती आहे. ती दुसऱ्यांची बाळं खाणारी यक्षी, बुद्धामुळे पालटून बाळांची रक्षक झालेली. माहीमच्या शीतलादेवीकडे बघ. अंगावर फोड उठवणारा देवीचा रोग आणणारीही तीच आणि तो उतरवणारीही तीच, म्हणून तिला थंड ठेवायचं. सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेत गेलीस तर चढावावरच्या दुकानांत मेणाची बाळं मांडलेली दिसतील, वीतभर लांबीची, हातपाय जवळ घेतलेली, पांढरट पिवळी. मूल हवं म्हणून नवस बोलणारी बाई त्यातलं एक घेते आणि माउलीच्या पायाशी नेऊन ठेवते. त्या रांगेत ख्रिस्ती असतात, नऊवारीतल्या कोळणी असतात, तुझ्यामाझ्यासारख्याही असतात. त्या घेऊन जातात ती भीती आणि आशा एकच आहे.

देणारी आणि नेणारी एकच का? बाळाच्या जागी पडून बघ. रडल्यावर जी येते ती आई, आणि रडूनही जी येत नाही तीही आईच. त्या दोघी एकच आहेत हे बाळाला कळायला वेळ लागतो. देवीची दोन रूपं, मला वाटतं, तिथून निघाली.

मग नुसती मायाळू, कधी न चिडणारी, कधी न थकणारी आई आपल्याकडे एवढी मोठी कशी झाली? ती बरीचशी गेल्या शंभर वर्षांतल्या छापील पानांवर आणि पडद्यावर झाली. ‘श्यामची आई’ तर आपल्या हाडीमांशी भिनलेलं पुस्तक, माझ्याही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आई जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. लिहिणारा मुलगा आहे, आणि तो आईला शोधतो आहे, म्हणून ते पान इतकं ओलं आहे. तरी त्यातलीही आई पोहायला जात नाही म्हणून श्यामला मारते, कर्जाने पिचते, आजारी पडते. लोकांनी त्यातला उमाळा ठेवला आणि बाकीची बाई सोडून दिली. मुलाच्या मनातली आई मुलाच्या मनात शोभते. ती आता तुझ्या कामाचा मापदंड म्हणून तुझ्यापुढे धरली जाते, ते चूक आहे.

आईच्या बाजूने काय घडतं याचीही पाहणी झाली आहे, बायकांना विचारून. रॉबसन आणि कुमार या संशोधकांनी लंडनमध्ये केलेली पाहणी १९८० साली प्रसिद्ध झाली. बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं, असं विचारल्यावर पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी सांगितलं, विशेष काहीच वाटलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या आयांतही हे प्रमाण सुमारे २५ टक्के होतं. या बायकांना कुणी ‘ब्लॉक’ ठरवलं नाही. बहुतेकींना आठवड्याभरात माया लागली. तुझ्याकडे सात महिने झालेत, म्हणूनच मी डॉक्टरांचं म्हणते आहे.

माया लागते ती करता करता. इस्रायलमध्ये २०१४ साली आईवडिलांच्या मेंदूंचं निरीक्षण झालं. त्यात दोन पुरुष मिळून मूल वाढवणारी घरंही होती. जो बाप बाळाचं मुख्य सगळं बघत होता, त्याच्या मेंदूत बाळाच्या हाकेला दाद देणारा भाग आईच्या मेंदूसारखाच जागा होता. आणि बापाने बाळामागे जितका वेळ घालवलेला, तितके त्या भागाचे धागे अधिक पक्के. म्हणजे वारशाने येते ती जडण्याची शक्यता, आणि ती बाई-पुरुष दोघांत येते. तुझ्या नवऱ्याचा पत्रात कुठे उल्लेख नाही. रविवारची सकाळ पूर्ण त्याच्याकडे दे. तू घरात थांबून सूचना देत बसू नकोस, सरळ बाहेर जा.

सासूबाईंकडे मुलगी पटकन गप्प होते, हे तुला लागलंय. सारा ब्लाफर हर्डी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाई पूर्वी आपल्या अबूला वानरांचा अभ्यास करत होत्या. त्यांचं सांगणं असं की माणसाचं पिल्लू एकट्या आईला वाढवता येण्यासारखं कधी नव्हतंच. आज्या, मावश्या, मोठी भावंडं यांच्या हातांनीच माणूसजात तगली. मध्य आफ्रिकेतल्या आका आणि एफे लोकांत बाळ पहिल्या दिवसापासून कित्येक हातांतून फिरतं. लालबाग-परळच्या चाळींत तरी दुसरं काय होतं? आई कामावर गेली की बाळ गॅलरीभर फिरायचं, कुणाकडे जेवायचं, कुणाकडे झोपायचं. तुझ्या मुलीला आजीचा खांदा भरवशाचा वाटतो, ही तुझ्या घरातली चांगली बातमी आहे. शिवाय त्या दिवसभर तिच्याजवळ असतात, रात्री सलग झोपलेल्या असतात, त्यांच्या अंगात ऑफिसची घाई नसते. बाळाला ते कळतं.

‘आईपण शिकवावं लागत नाही’ असं त्या पुन्हा म्हणाल्या, तर वाद घालू नकोस. त्यांना विचार, ‘आई, तुमचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा जवळ कोण होतं? अंघोळ कोण घालायचं? तुम्हाला कोणी दाखवलं?’ बहुधा एखाद्या मोठ्या जावेचं किंवा शेजारणीचं नाव निघेल. त्यांनाही कोणी तरी शिकवलेलंच असेल, फक्त ते शिकवणं घरात मुरलेलं असल्यामुळे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

डोनाल्ड विनिकॉट हा इंग्रज बालरोगतज्ज्ञ चाळीस वर्षं लंडनच्या इस्पितळात आयांना आणि बाळांना बघत होता. त्याने सांगितलं की बाळाला पुरेशी बरी आई लागते, परिपूर्ण आई लागत नाही. आई हळूहळू, बाळाला पेलेल इतपत कमी पडत जाते, त्यातूनच बाळाला जग आपल्याहून वेगळं आहे हे उमगतं. आईला बाळाचा राग का येतो, याची कारणंही त्याने एका निबंधात एकामागून एक लिहून ठेवली आहेत. तू दूध पाजतेस, लसीच्या तारखा सांभाळतेस, रात्री उठतेस. उमाळा नसतानाही तू हे सात महिने केलंस. माझ्या हिशोबी हे आईपणच आहे.

त्या पुढच्या लेव्हलच्या कोर्सला पैसे भरू नकोस. ‘आर्किटाइप ब्लॉक होणं’ असा कुठलाही आजार नाही, तेव्हा तो उघडण्याचा उपायही नाही. मैत्रिणीला दुखवायचं नसेल तर ‘सध्या डॉक्टरांकडे जातेय’ एवढं सांग, ते खरंच असेल.

आता डॉक्टर. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही डोकं वर काढतं आणि ते उपचारांनी बरं होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत असेल, बाळ झोपल्यावरही तुला झोप लागत नसेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वाट बघू नये. तुझ्या प्रसूतीच्या डॉक्टरांपासून सुरुवात कर, त्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. भांडुपहून लोकलने सायनचं महापालिकेचं इस्पितळ सोयीचं पडेल. तिथे मनोविकार विभागाची ओपीडी आहे. केईएम आणि नायरलाही आहे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांग, बाळंतपणानंतर त्यांच्या गडबडीनेही माणूस असाच खचतो. जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार एकदा जरी मनात आला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, नवऱ्याला उठव आणि जवळच्या इस्पितळात जा. असा विचार येणं हे आजाराचं लक्षण असतं, तू वाईट आई असल्याचा पुरावा नव्हे.

अंगावर पाजत असशील तर डॉक्टरांना आधीच सांग. पाजत असतानाही चालणारी औषधं असतात. आणि नळ सोडून रडतेस, ते त्यांना याच शब्दांत सांग. पत्रात ते शेवटी लिहिलंस, तिथे पहिल्यांदा सांग.

तुझी,
ताई